तीन बाजू, तीन सूत्रं आणि चौदा डिग्रीचा काप

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर तिथेच कळेल. घराच्या मागच्या भिंतीला टेकून तुम्ही पत्र्याची शेड करताय. खांब भिंतीपासून १२ फुटांवर आहेत. भिंतीकडची बाजू खांबापेक्षा ३ फूट उंच आहे आणि टेप लावून मोजलेला राफ्टर, म्हणजे पत्र्याखालचा तिरपा पाइप, १२ फूट साडेचार इंच भरला. फोनवर साइनने कोन १४.०३ आला, कॉसने १४.१४ आणि टॅनने १४.०४. मुलीच्या कॅल्क्युलेटरवर तेच गणित केलं तर ०.२४५ आलं. यातलं खरं कुठलं आणि कटिंग मशीनच्या पट्टीवर काय लावायचं? सात राफ्टरांचा ६० बाय ४०चा पाइप आणून ठेवलाय, त्यामुळे कापायची भीती वाटते. वाटायलाच हवी, पाइपचा भाव मलाही माहीत आहे.

उत्तर आधी देतो. टॅनचं घ्या, १४.०४ डिग्री. मशीनवर १४ लावा. उरलेल्या ०.०४ डिग्रीने ६० मिमीच्या पाइपवर जो फरक पडतो तो कागदाच्या जाडीपेक्षाही कमी आहे.

आता तीन सूत्रांनी तीन उत्तरं का आली ते बघू. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नातला हाच भाग मला आवडला. तीस वर्षं फॅब्रिकेशन करताना कोन काढता न येणारे फार थोडे भेटले. कोन काढण्यासाठी कुठल्या दोन बाजू धरायच्या याचा विचार न करणारे मात्र रोज भेटतात.

खांबाच्या डोक्यापाशी जो कोन होतो तो आपल्याला हवाय. त्याच्या समोरची बाजू ३ फूट, लगतची बाजू १२ फूट आणि राफ्टर हा कर्ण. शाळेच्या पुस्तकातले संमुख बाजू, लगतची बाजू आणि कर्ण ते हेच. संमुख भागिले कर्ण म्हणजे साइन, लगतची भागिले कर्ण म्हणजे कॉस, संमुख भागिले लगतची म्हणजे टॅन. हा भागाकार करायचा आणि कॅल्क्युलेटरला उलटं विचारायचं की ज्याचा टॅन ०.२५ आहे तो कोन कुठला. तीन बाजू अगदी बिनचूक असतील तर तिन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. तुमच्या तीन बाजू बिनचूक नाहीत. कोणाच्याच नसतात.

१२ चा वर्ग १४४, ३ चा वर्ग ९, बेरीज १५३. त्याचं वर्गमूळ १२.३६९ फूट, म्हणजे १२ फूट ४.४३ इंच. तुमच्या टेपने ४.५ दाखवलं. फरक दोन मिमीपेक्षाही कमी, तेव्हा तुमच्या मोजण्यात खोट नाही. इतकी चूक टेपच्या पुढच्या हुकाच्या ढिलेपणानेही होते. पण ही एवढीशी चूक साइनने जवळजवळ गिळून टाकली आणि कॉसने एक दशांश डिग्रीपर्यंत फुगवून दाखवली.

याचं कारण असं. कोन लहान असला की कर्ण आणि लगतची बाजू जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात. तुमच्याकडे १२ फूट, आणि १२ फूट साडेचार इंच. कॉसकडे कोनाबद्दलची जी काही माहिती आहे ती सगळी त्या साडेचार इंचांत आहे. बारा फुटांत दोन मिमी म्हणजे काहीच नाही, पण साडेचार इंचांत दोन मिमी जाणवतात. उतार जितका कमी तितका तो फरक बारीक होत जातो आणि कॉस तितकाच बेभरवशाचा.

हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, नुकसान करून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका दवाखान्याच्या रॅम्पला रेलिंग करायचं काम घेतलं होतं. व्हीलचेअरचा रॅम्प, १:१२ चा, आडवा ३००० मिमी आणि उंची २५० मिमी. कोन यायला हवा ४.७६ डिग्री. मी काय केलं, तर आडवं माप ड्रॉइंगवरून घेतलं आणि तिरपं माप टेप टाकून रॅम्पवरच घेतलं. प्लास्टर खडबडीत होतं. टेप कुठे उचलला गेला, कुठे लोळला, आणि माप आलं ३०१५. यायला हवं होतं ३०१०. पाच मिमीची चूक. लगतची आणि कर्ण हातात होते म्हणून कॉस लावला आणि उत्तर आलं ५.७२ डिग्री. म्हणजे तीन मीटरला पाच मिमी चुकलो आणि कोन जवळजवळ एका डिग्रीने हुकला. सगळ्या उभ्या पाइपांचे तळ मी त्या कोनात कापून टाकले. उभे करून ओळंबा सोडला तर ९०० मिमीच्या पाइपचं डोकं १५ मिमी बाहेर. एक पाइप बाहेर असता तर रंगाखाली खपला असता. सातच्या सात एकाच बाजूला झुकलेले दिसत होते, वारा सुटल्यासारखे.

तीच पाच मिमीची चूक मी उंचीत केली असती, २५० च्या जागी २५५ धरलं असतं, आणि टॅन लावला असता, तर उत्तर आलं असतं ४.८६. दशांश डिग्रीचा फरक. तो कुणाला दिसलाही नसता.

म्हणून माझा नेम असा. काटकोन करणाऱ्या दोन्ही बाजू मोजता येत असतील तर त्याच मोजायच्या आणि टॅन लावायचा. टॅन लहान कोनालाही चालतो, मोठ्यालाही. एक बाजू मिळतच नसेल, मध्ये टाकी किंवा झाड आलं असेल आणि कर्ण मोजणं भाग असेल, तर कर्णाच्या जोडीला नेहमी दोनपैकी छोटी बाजू घ्यायची. मोठी घेतलीत की रॅम्पचा प्रकार झालाच म्हणून समजा.

आता ०.२४५. ते चूक नाही, ते रेडियनमध्ये आहे. रेडियन म्हणजे कोन मोजायचं डिग्रीसारखंच दुसरं माप. ५७.३ ने गुणा, १४.०४ मिळेल. तुमच्या मुलीचं कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवलंय आणि बारावीच्या अभ्यासासाठी तसं असणंच बरोबर आहे. तिसरा एक प्रकारही असतो, ग्रॅड. त्यात काटकोनाचे शंभर भाग धरतात. त्यावर हेच उत्तर १५.६ दिसेल, आणि हा आकडा घातक आहे, कारण तो डिग्रीसारखाच दिसतो. ०.२४५ बघून माणूस थबकतो, १५.६ बघून सरळ कापून मोकळा होतो. कुठलंही कॅल्क्युलेटर हातात घेतलं की आधी टॅन ४५ करून बघायचं. १ आलं तर डिग्रीवर आहे. १.६२ आलं तर रेडियन, ०.८५ आलं तर ग्रॅड. पाच सेकंदांचं काम आहे.

टॅनच्या डोक्यावर जो बारीक उणे एक लिहिलेला असतो, त्याबद्दलही एक सांगून ठेवतो. त्याचा अर्थ ‘एक भागिले टॅन’ असा नाही, ‘उलटा टॅन’ असा आहे. आमच्याकडे डिप्लोमा करून आलेल्या एका मुलाने १ भागिले टॅन ०.२५ केलं आणि २२९ डिग्री उत्तर घेऊन आला. काटकोन त्रिकोणात उरलेले दोन्ही कोन नव्वदच्या आतच असतात, तेव्हा २२९ बघूनच हसायला हवं होतं. तो बिचारा मशीनची पट्टी ४५ च्या पुढे कशी न्यायची ते शोधत बसला होता.

एक्सेलवाल्यांसाठी: तिथलं एटॅन उत्तर रेडियनमध्ये देतं, त्याला डिग्रीज या फंक्शनमध्ये गुंडाळावं लागतं. आणि एटॅन२ वापरत असाल तर एक्सेल आधी आडवी बाजू मागतं, मग उभी. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत हा क्रम उलटा असतो. तिथे गफलत झाली तर १४ च्या जागी ७६ मिळतात.

तुम्ही फूट-इंचात मोजलंय, म्हणून आणखी एक. साडेचार इंच म्हणजे ०.३७५ फूट, त्यामुळे कर्ण १२.३७५. घाईत बरेच जण १२.४५ टाइप करतात. मग साइनने १३.९४ येतं आणि कॉसने १५.४५. तुमची तीन उत्तरं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत याचा अर्थ तुम्ही हे बरोबर केलंय. हीच गोष्ट उलटीकडूनही वापरता येते. तीन बाजू मोजा, तिन्ही सूत्रांनी कोन काढा. उत्तरं जवळजवळ असली तर मापं विश्वासाची. फाकलेली असली तर टेप, टायपिंग किंवा भिंत, तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलतंय. मी स्वतः नवीन कामावर मिलिमीटरशिवाय बोलत नाही, पण पत्र्याचे दुकानदार आणि गवंडी फुटांत बोलतात, त्याला इलाज नाही.

उत्तर १४.०४ आलं म्हणून ते १४ अंश ४ मिनिटं असंही वाचू नका. दशांशाला ६० ने गुणायचं, ते होतं १४ अंश २ मिनिटं. पाइपला यानं फरक पडत नाही, सर्व्हेवाल्याला पडतो.

आता मशीनकडे या. नवखा माणूस खरा फसतो तो इथेच. त्रिकोणात दोन लघुकोन आहेत, खांबापाशी १४.०४ आणि भिंतीपाशी ७५.९६. दोन्ही मिळून ९०, म्हणून एक काढला की दुसरा वजाबाकीने मिळतो. राफ्टर भिंतीला चिकटतो तिथला कोन ७६ आहे, मग पट्टीवर ७६ शोधायचे का? नाही. कटिंग मशीनची पट्टी सरळ आडव्या कापाला शून्य म्हणते. पाइपच्या लांबीशी ७६ डिग्रीचा काप म्हणजे सरळ कापापासून १४ डिग्री तिरपा. म्हणून पट्टीवर १४. त्रिकोणातला कोन आणि मशीनवरचा आकडा कधी एकच असतात, कधी ९० तून वजा केलेले. पाठ करायला जाऊ नका, कागदावर पाइपची दोन समांतर रेघांची आकृती काढून बघा.

जाता जाता, १ ला ४ हाच त्रिकोण उभा केला की ती शिडी होते. भिंतीला शिडी लावताना चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर ठेवतात, तो कोन ७५.९६. तुमची शेड म्हणजे आडवी झोपवलेली शिडी आहे.

आणखी एक गंमत. वर्कशॉपमध्ये ‘अँगल किती?’ असं विचारू नका. पोरगा ‘चाळीसचा’ म्हणेल, कारण त्याच्या लेखी अँगल म्हणजे एल आकाराचं लोखंड. आमच्याकडे कोनाला ‘डिग्री’च म्हणतात. ‘डिग्री किती ठेवू?’ असं ऐकू आलं की समजायचं, गडी मशीनपाशी उभा आहे.

आता हे सगळं गणित सांगून झाल्यावर एक कबुली. माझ्या हातून हे काम होत असतं तर मी डिग्री काढलीच नसती. उतार १२ ला ३, म्हणजे ४ ला १. पाइपची उंची ६० मिमी. ६० चा चौथा भाग १५. पाइप आडवा टाका, ६० ची बाजू समोर घ्या. वरच्या कडेवर एक खूण करा. तिथून गुण्याने, म्हणजे काटकोनी पट्टीने, सरळ खाली रेघ मारा आणि खालच्या कडेवर त्या रेघेपासून १५ मिमी मागे दुसरी खूण करा. दोन्ही खुणा स्क्राइबरने जोडा. हा तुमचा १४.०४ डिग्रीचा काप, चाराही आकड्यांसकट, कॅल्क्युलेटरला हात न लावता. भिंतीकडच्या टोकाला वरची कड १५ मिमी लांब राहते, खालची आखूड. खालच्या टोकालाही उभा काप हवा असेल तर तिथे हेच उलटं होतं, खालची कड १५ मिमी पुढे येते. म्हणजे वरची आणि खालची कड सारख्याच लांबीच्या. कापून झाल्यावर दोन्ही कडा टेपने मोजा. सारख्या भरल्या नाहीत तर एक टोक उलटं कापलंय. हे माझ्याकडून दोनदा झालंय.

कौलारू घरं बांधणारे जुने सुतार याच रीतीने काम करायचे. आढ्यापासून वळचणीपर्यंतचा वासा कापताना ते हातभर आडवं आणि त्यात इतकं उभं असं धरायचे, मोठ्या गुण्याच्या दोन हातांवर ती मापं लावायचे आणि रेघ ओढायचे. डिग्री हा शब्द त्यांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. गुण्या हाच एक काटकोन त्रिकोण आहे, त्याच्या दोन बाजू तुम्ही ठरवता, कोन आपोआप पडतो. डिग्री लागते ती फक्त मशीनला किंवा फोनवरून दुसऱ्याला माप सांगताना.

आता कोपऱ्याचं. आतापर्यंतचं सगळं एका गृहीतावर उभं आहे, की भिंत आणि आडवी रेघ यांच्यात ९० डिग्री आहेत. ते तपासलंत का? जुनी भिंत क्वचितच ओळंब्यात असते. तिन्ही बाजू तुमच्याकडे आहेत, त्यामुळे हे घरबसल्या कळतं. दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज १५३ आणि राफ्टरचा, १२.३७५ चा वर्ग १५३.१४. जवळजवळ सारखे, म्हणजे कोपरा ठीक आहे. समजा राफ्टरचं माप १२ फूट ६ इंच भरलं असतं, तर त्याचा वर्ग १५६.२५ आला असता. मग कोसाइनचा नियम: १५३ वजा १५६.२५, भागिले दोन गुणिले १२ गुणिले ३, म्हणजे उणे ३.२५ भागिले ७२. त्याचा उलटा कॉस ९२.६ डिग्री. भिंत तीन फुटांत दीड इंचाहून जास्त मागे झुकलेली. अशा वेळी साधा साइन-कॉस लावण्यात अर्थ नाही, तो त्रिकोण काटकोन राहिलेलाच नाही.

शिवाय ३ फूट उंची मोजलीत कशी? खांबाच्या डोक्यावरून भिंतीपर्यंत डोळ्यांनी अंदाज घेतला असेल तर परत मोजा. लेव्हल पाइप वापरा, पाणी भरलेली पारदर्शक नळी. तिच्यात बुडबुडा अडकला असेल तर अर्धा-पाऊण इंच सहज खोटं सांगते. नळी आधी दोन्ही टोकं शेजारी धरून बघायची. पाणी एका पातळीत आलं तरच कामाला लावायची. आणि १२ फूट नक्की कुठून कुठे? खांबाच्या आतल्या कडेपर्यंत, मध्यापर्यंत, की बाहेरच्या? तिन्ही चालतात, पण मग ३ फूटही त्याच बिंदूपासून मोजलेले हवेत. मी नेहमी राफ्टरच्या खालच्या कडेवर त्रिकोण धरतो. ती कड खांबाला जिथे टेकणार तिथून ती भिंतीला जिथे लागणार तिथपर्यंत. एक बाजू खालच्या कडेवरून आणि दुसरी पाइपच्या मध्यावरून घेतली की त्रिकोण हवेत तयार होतो, लोखंडात नाही.

काटकोन तपासायचा म्हटलं की गवंडी ३-४-५ ची दोरी काढतो. आपल्याकडे यज्ञवेदी आखण्यासाठी शुल्बसूत्रांत हेच दोरीचं गणित आहे. बौधायनाने तर आयताच्या कर्णावरचं क्षेत्र म्हणजे दोन बाजूंवरच्या क्षेत्रांची बेरीज असं स्पष्ट सांगितलंय. ३-४-५ ने काटकोन उत्तम मिळतो. पण त्यातले उरलेले दोन कोन ३० आणि ६० असतात असं बऱ्याच लोकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. नसतात. ते ३६.८७ आणि ५३.१३ असतात. ३०-६०-९० साठी छोटी बाजू १ आणि कर्ण २ घेतलात तर तिसरी बाजू √३, म्हणजे १.७३२ येते. ती पूर्णांकात कधीच बसत नाही. किंबहुना तिन्ही बाजू पूर्णांकात असलेल्या कुठल्याही काटकोन त्रिकोणात लघुकोन कधीच पूर्ण डिग्रीत येत नाहीत. ५-१२-१३ घ्या, २२.६२ येतात, साडेबावीस नाही. तेव्हा तिन्ही बाजू गोल आकड्यांत आणि कोनही गोल आकड्यांत असं ड्रॉइंग कोणी दिलं, तर दोनपैकी एक त्याने डोळे मिटून गोल केलाय. जिन्याचं बघा. ७ इंच चढ आणि १० इंच पायरी म्हणजे ३५ डिग्री असं सर्रास लिहितात. ते ३४.९९ येतं, इतकं जवळ की भांडायची गरज नाही, पण ३५ नव्हे.

फोनची बॅटरी गेली आणि मशीनवर आकडाच लावायचाय, तर एक युक्ती आहे. एका म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने मला ती सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिली होती. छोटी बाजू गुणिले ८६, भागिले (मोठ्या बाजूचं अर्धं अधिक कर्ण). जे येईल तो छोट्या बाजूसमोरचा कोन, डिग्रीत. तुमच्या शेडला लावू: ३ गुणिले ८६ म्हणजे २५८. मोठ्या बाजूचं अर्धं ६, त्यात १२.३७ मिळवून १८.३७. भागाकार १४.०४. ३-४-५ ला लावा: २५८ भागिले ७, ३६.८६. खरं ३६.८७. सगळ्यात वाईट उत्तर ४५ डिग्रीला येतं आणि तिथेही ४४.९३ मिळतं. लोखंडाच्या कामात यापेक्षा जास्त कोणाला काय हवंय? ८६ कुठून आले हे त्या वेळी विचारायचं राहून गेलं. नंतर कळलं, तो दीड रेडियन आहे, ८५.९४ डिग्री. अगदी चपट्या उतारांसाठी याहूनही सोपं, साठाला एक म्हणजे एक डिग्री. बाथरूमचा, गच्चीचा उतार याने तोंडी होतो.

आता जरा विषय सोडून, पण मला राहवत नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये ‘ज्या’ची, म्हणजे आजच्या साइनची, एक सारणी दिली. त्रिज्या ३४३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि दर २२५ कलांना एक, अशा २४ ज्या. साइन हा शब्दही याच ज्या-जीवेचा, अरबीतून लॅटिनमध्ये जाताना रूप बदललेला. त्या सारणीतल्या पहिल्या चार ज्या २२५, ४४९, ६७१ आणि ८९०. एका रविवारी मी १ ला ४ चा त्रिकोण त्यात घालून बघितला. ३ भागिले १२.३६९, गुणिले ३४३८ म्हणजे ८३३.८. हा आकडा ६७१ आणि ८९० यांच्या मध्ये पडतो. ६७१ म्हणजे ६७५ कलांची ज्या. पुढचं अंतर २१९, त्यातले आपले १६२.८. त्या प्रमाणात २२५ पैकी १६७ कला. ६७५ अधिक १६७, ८४२ कला. ६० ने भागा: १४ अंश २ कला. तुमच्या फोनने जे सांगितलं तेच.

परत शेडकडे. सातही राफ्टर एकदम कापू नका. एकच कापा, मशीनवर १४ लावून किंवा १५ मिमीची खूण करून, आणि दोघांनी धरून जागेवर लावून बघा. भिंतीकडच्या टोकाला वर फट दिसली तर काप १४ पेक्षा वाढवायचा, खाली दिसली तर कमी करायचा. किती, तेही फटच सांगते. पाइप ६० चा आहे आणि साठाला एक म्हणजे एक डिग्री, तेव्हा एक मिमी फटीला एक डिग्री धरा. पहिला नीट बसला की लगेच वेल्डिंग मारू नका. त्याला तसाच धरून बाकीच्या सहा जागांवर फिरवून बघा, कारण भिंत एका टोकाला ओळंब्यात असते आणि दुसऱ्या टोकाला नसते. सगळीकडे बसला तर तोच फर्मा, म्हणजे बाकीच्यांचा नमुना. बाकीचे सहा त्याच्यावर ठेवून आखा, मशीनच्या पट्टीकडे बघूही नका.